टोपणभर पांढरं

महादेवप्पाचा रिपोर्ट सकाळी साडेनऊला आला आणि दहा वाजायच्या आत मी एक चूक करून बसले.

माझं काम साधं आहे. एचआयव्हीचं औषध चालू असलेल्या रुग्णाचा रिपोर्ट बिघडला की तो का बिघडला, हे त्याच्या घरी जाऊन शोधायचं. रिपोर्टमध्ये एकच आकडा बघायचा असतो, रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती सापडल्या. हजाराच्या खाली असेल तर औषध काम करतंय. महादेवप्पाच्या मागच्या वर्षीच्या रिपोर्टात आकडाच नव्हता. यंत्राला विषाणू सापडलाच नव्हता. या वेळी चार हजार सहाशे.

आकडा फार मोठा नव्हता, पण उलटा होता. मागच्या वर्षी हा माणूस रोज हातभट्टी पीत होता. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. संध्याकाळी घरी येऊन आधी पाण्याबरोबर गोळी घ्यायचा आणि मग गुत्त्यावर जायचा. त्या दिवसांत रिपोर्ट स्वच्छ. आता चार महिने तो भवानी पेठेतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहत होता, एक थेंब प्यायला नव्हता, गोळी रोज कुणीतरी समोर उभं राहून देत होतं, आणि रिपोर्ट खराब.

मी थेट केंद्राच्या सुबोध सरांना फोन लावला. "महादेवप्पांची गोळी मधून मधून बुडते का, सर?"

"बुडणं शक्यच नाही. ज्ञानबा स्वतः देतो. रजिस्टरवर रोजची सही आहे."

"मग रिपोर्ट..."

"काय झालं रिपोर्टला?"

मी सांगितलं. पलीकडून केंद्राशेजारच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट येत होता.

"म्हणजे थुंकतोय," सर म्हणाले.

"मी असं म्हटलेलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलं. रिपोर्ट म्हणतोय. आज चारच्या सभेत घेतो त्याला."

सभेत घेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्या घरात बावीस माणसं राहतात. कुणी नियम मोडला तर सगळे गोल करून बसतात आणि तो मध्ये उभा राहतो. कबूल केलं तर महिनाभर सगळ्यांची भांडी. नाकारलं आणि खोटं निघालं तर त्याची पिशवी फाटकाबाहेर ठेवतात. नियम कडक वाटतो, पण त्याला कारण आहे. दारू सोडणाऱ्या बावीस जणांत एकाचं खोटं खपलं की आठवड्यात पाच जण खोटं बोलू लागतात. सुबोध सरांची स्वतःची पिशवी एकेकाळी अशीच बाहेर ठेवली गेली होती.

मी स्कूटी काढली. केंद्राच्या बोळात शिरताना गळ्यातलं ओळखपत्र काढून बॅगेत टाकलं. महादेवप्पाला कोणता आजार आहे, हे तिथं फक्त सुबोध सरांना आणि ज्ञानबाला माहीत होतं. बाकीच्यांना त्याची गोळी लिव्हरची वाटायची आणि मी लिव्हरच्या दवाखान्यातली मॅडम.

महादेवप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसला होता. चार महिन्यांत चेहरा भरला होता, हातांचा कंप गेला होता. मला पाहून तो उठला नाही.

"फोन तुमी केलता व्हय, मॅडम?"

"हो."

"आदी मला इचारायचं की."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता विचारते. गोळी घेता ना रोज?"

"घेतो."

"उलटी होते? जुलाब?"

"दगड बी पचंल असं जेवतोय."

"दुसऱ्या कुणाचं औषध? काढा, चूर्ण, गावाकडचं काही?"

"काय न्हाय. तुमास्नी बी वाटतंय की मी थुंकतो." त्यानं मेथीची काडी मोडली. "हे माजं तिसरं केंद्र हाय, मॅडम. दोन ठिकाणांहून पळालो. हितं टिकलो. आज ह्यांनी भायेर काढलं तर गावाकडं, दुधनीच्या गाडीत बसायच्या आदी दारूची तीन दुकानं लागत्यात. तिसऱ्यापर्यंत जायची माजी ताकद न्हाय, पैल्यालाच बसतो बघा मी."

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. मागाचा कुठला भाग किती दिवस टिकेल हे सांगावं तसं म्हणाला.

केंद्रात गोळ्या दुपारी एकला, जेवणानंतर देतात, कारण ज्ञानबा ड्युटी संपवून सहाला घरी जातो. मी तिथंच थांबले. काय होतं ते आधी नीट बघायचं आणि मग मत करायचं, हे सकाळी करायला हवं होतं ते आता करायचं ठरवलं.

ज्ञानबा पंचावन्नचा, उंच, काटक. मंगळवेढ्याकडचा. तिशीपर्यंत मेंढरं राखली, मग पुढची दहाबारा वर्षं दारूत घालवली, मग या घरात रुग्ण म्हणून आला आणि इथलाच झाला. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याच्या खिशात पेनाएवढी बॅटरी होती.

जेवण झालेली माणसं ओळीत उभी राहिली. टेबलावर नावं लिहिलेल्या वाट्या, प्रत्येकीत ज्याच्या त्याच्या गोळ्या. ज्ञानबा नाव घ्यायचा, माणूस पुढे यायचा, गोळ्या तोंडात टाकायचा, पेलाभर पाणी प्यायचा. मग ज्ञानबा बाटलीतून टोपणभर पांढरं घट्ट औषध त्याच्या जिभेवर ओतायचा. गिळ. तोंड उघड. जीभ वर. बॅटरी डावीकडे, बॅटरी उजवीकडे. रजिस्टरवर टिक. पुढचा.

"शिवू, तोंड उघड. अजून. काय गुहा हाय का काय ती!"

"आत कोन सापडलं तर माजा नमस्कार सांगा, अण्णा," शिवू नावाचा पोरगेला विणकर म्हणाला आणि ओळ हसली.

महादेवप्पाची पाळी आली. त्याच्या वाटीत दोन गोळ्या होत्या, एक जीवनसत्त्वाची आणि एक आमची, मोठी, पांढरी. दोन्ही एकदम. पाणी. टोपणभर पांढरं. ज्ञानबानं इतरांपेक्षा दुप्पट वेळ बॅटरी फिरवली, हनुवटी धरून मान मागे केली, गळ्याची घाटी हलताना पाहिली. मीही पाहिली. गोळी पोटात गेली होती. याबद्दल मला शंका उरली नाही.

मग मी डबीतल्या गोळ्या मोजल्या. तीसची डबी, उघडल्याला बारा दिवस, आत अठरा. बरोबर.

म्हणजे गोळी पोटात जात होती आणि रक्तात पोचत नव्हती. मधल्या वाटेत काहीतरी होतं.

"अण्णा, ते पांढरं कशाचं औषध?"

"आम्लपित्ताचं. दारू सोडली की समद्यांची पोटं जळत्यात. पन माजं कारन येगळं हाय." त्यानं आवाज खाली आणला. "मेंढराला गोळी दिली, ताई, की ते गालात धरतंय. तुमी पाठ फिरवली की थुंकतंय. म्हून गोळीवर लगेच नळीनं ताक पाजायचं आन जबडा वर धरायचा. मग गोळीला जायाला दुसरी वाटच न्हाय. मानसाचं बी तसंच हाय. पान्यानं गोळी गालात ऱ्हाती. ह्या घट्ट औषदानं न्हाय ऱ्हात. बारा वर्सं झाली, माज्या हातनं एक गोळी सुटली न्हाय."

मी बाटली फिरवून लेबल वाचलं. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड.

आमच्या गोळीत तीन औषधं एकत्र असतात. त्यातलं जे मुख्य आहे ते अशा धातूंना आतड्यातच चिकटून बसतं. चिकटलं की शोषलं जात नाही, आलं तसं बाहेर निघून जातं. म्हणूनच नियम आहे की गोळी आम्लपित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी घ्यायची, नाहीतर सहा तास नंतर. महादेवप्पाला तो चार वर्षांपूर्वी सांगितला गेला असणार, पंधरा नियमांच्या यादीत. तेव्हा पोट जळलं तर तो औषध घेत नव्हता, दारूच घेत होता, त्यामुळे नियम लक्षात ठेवायची वेळ आली नाही. आणि इथं त्याची एकही गोळी चुकू नये म्हणून चार महिने रोज तिच्यावर हे ओतलं जात होतं.

मी ज्ञानबाला बाजूला नेऊन हे सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत.

"म्हंजी चूक माजी?" तो म्हणाला.

"तुमची एकट्याची नाही. आम्हीही विचारलं नाही की गोळी कशाबरोबर देता."

"हितं बावीस जनं हे पित्यात. कुनाला काय झालं न्हाय."

"बाकीच्यांची गोळी ही नाही, अण्णा."

"ताई, तुमी पुस्तकातलं बोलता. मी ह्या घरात गोळ्या थुंकनारी किती मानसं बघितली, ठावं हाय? मी सोता थुंकलोय. देवाशपथ थुंकली न्हाय म्हून रडायचो बी." त्यानं बाटलीचं टोपण घट्ट बसवलं. "त्यो थुंकतोय. कवातरी, कुटंतरी. मी हुडकीन."

सुबोध सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा, पांढरं औषध आजपासून बंद करतो. पण सभा चारला होईल. ती मी थांबवली तर उद्या प्रत्येक जण बाहेरून एक मॅडम घेऊन येईल."

पावणेतीन वाजले होते. मी आमच्या डॉक्टर इंद्रायणी मॅडमना फोन लावला. त्या जिल्ह्याच्या बैठकीत होत्या, फोन बंद. मेसेज टाकला. त्याखाली एकच खूण उमटली आणि तिथंच राहिली.

साडेतीनला महादेवप्पा नळावर पाय धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो जॉबर होता, त्याला माझ्या अंदाजापेक्षा लवकर कळलं.

"म्हंजी दोरा हाय, पन मागाच्या फनीत अडकतोय. कापडापर्यंत येतच न्हाय."

"तसंच."

"यप्पा!" तो थोडा हसला. मग हसू गेलं. "सरांस्नी पटलं?"

"पत्र मागतात. डॉक्टर फोन उचलत नाहीत."

"मग मी कबूल करतो."

"काय?"

"थुंकलो म्हनतो. नाकारलं तर समदे म्हननार, रिपोर्ट खोटा का तू खोटा? पिशवी भायेर. कबूल केलं तर महिनाभर भांडी. भांडी घासायला माजं काय जातंय?"

"महादेवप्पा, ऐका. तुम्ही थुंकलो म्हणालात की विषय मिटला. मग पांढऱ्या औषधाकडे कुणी बघणार नाही. अण्णा उद्यापासून एकाऐवजी दोन टोपणं पाजतील. विषाणूला अर्धवट औषध मिळत राहिलं तर तो त्याला सरावतो. मग हीच गोळी पाण्याबरोबर घेतली तरी चालायची नाही."

"पत्र आनलं की बंद करतीलच की."

"कबुली दिलेल्या माणसासाठी आणलेलं पत्र कोण वाचणार? मला तरी खात्री नाही."

त्यानं टॉवेलनं एकेक बोट पुसलं. "मॅडम, इशानू मला दोन वर्सांनी मारंल. दारू आज संध्याकाळी मारती."

त्याच्या हिशेबात चूक नव्हती.

चारला सगळे वरच्या लांबट खोलीत सतरंजीवर गोल बसले. ही पूर्वी चादरींची वखार होती. भिंतीला अजून सुताचा वास येतो. शेजारच्या शेडमधले माग चालू होते. मला दाराशी खुर्ची मिळाली. बाहेरच्या माणसानं सभेत बोलायचं नाही, हा नियम सुबोध सरांनी मला पुन्हा सांगितला. बोलायची मुभा असती तरी बावीस जणांसमोर मी काय सांगणार होते? कोणती गोळी, कशाचा रिपोर्ट, एवढंच कुणी विचारलं असतं तर मी आणखी एक चूक केली असती, आणि ती माफी मागून भरून निघणारी नव्हती.

फोन मांडीवर उलटा ठेवला होता. दर मिनिटाला सरळ करून बघत होते. एकच खूण.

महादेवप्पा मध्ये उभा राहिला.

"गोळीबद्दल तक्रार आहे," सर म्हणाले. "औषध रोज दिलं जातं, रिपोर्ट म्हणतो पोचत नाही. काय सांगायचंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "चुकलं, सर. मी थुंकत हुतो."

खोलीतला ताण एकदम सैल झाला. दोघातिघांनी मान डोलावली. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचललेसुद्धा. तिथं कबुलीला टाळ्या वाजवतात.

"कवापासनं?" हा ज्ञानबाचा आवाज होता. तो भिंतीला टेकून उभा होता.

"महिना दोन महिने."

"कुटं धरायचास?"

"गालात."

"कंच्या?"

"डाव्या."

"आन माजी बॅटरी?"

महादेवप्पा म्हणाला, "जिभंनं मागं सारायचो."

"वरनं पांढरं पाजल्यावर बी?"

"व्हय."

"चव कशी लागायची?"

"कशाची?"

"गोळीची. गालात धरल्यावर."

"काय... काय न्हाय. गोळीसारकी."

ज्ञानबा भिंतीपासून सुटून गोलाच्या कडेपर्यंत आला. "गालात धरलेली गोळी दोन मिनिटांत कडूजहर हुती. तोंडाला लाळंची धार लागती. बोलाया येत न्हाय, बोललं की भायेर सांडती. मी तीन म्हयने केलंय हे, मला इचार. आन तू? रोज टिक केल्यावर पयलं वाक्य तुजंच असतंय. 'अण्णा, भाजीत मीठ लई.' 'अण्णा, आमटी कालचीच का?' काल तर माज्यासंग पाच मिनिटं भांडलास, भाकरी कच्ची म्हून."

कुणीतरी हसलं आणि थांबलं.

"गालात गोळी धरून मानूस भाकरीवरनं भांडत न्हाय," ज्ञानबा म्हणाला. "तू थुंकलेला न्हाईस."

"अण्णा, जाऊ द्या की. म्या कबूल केलंय."

"खोटं केलंस!"

आता सगळे सुबोध सरांकडे बघू लागले. मला फोन बघायचं भान राहिलं नव्हतं. त्या घरात खोटं बोलणाऱ्याची पिशवी बाहेर जाते. चूक लपवायला बोललेलं खोटं की खोटी कबुली, असा भेद नियमात लिहिलेला नव्हता.

"महादेवप्पा," सर सावकाश म्हणाले, "थुंकलास की नाही?"

"न्हाय."

"मग सभेत खोटं का बोललास?"

"भ्यालो."

"कुणाला?"

"फाटकाला."

सर खाली सतरंजीकडे बघत होते. ते काय ठरवतायत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

तेवढ्यात ज्ञानबा पुढे होऊन महादेवप्पाच्या शेजारी उभा राहिला. गोलाच्या मध्ये. पायातली वहाण काढायची राहिली होती. त्यानं ती काढून बाहेर सरकवली.

"आता माजं ऐका," तो म्हणाला. "ह्याची गोळी म्या पोटात घातली आन तिच्या डोक्यावर टोपनभर पांढरं वतलं. त्या दोगांचं जमत न्हाय. दुपारी ह्या ताईनी मला सांगितलं. म्या ऐकलं न्हाय. बारा वर्सांत गोळी सुटली न्हाय म्हून मी ऐकलं न्हाय." त्यानं हात मागे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. "गोळी पोचत न्हाय ती ह्याच्यामुळं न्हाय. सभेत घ्यायचं तर मला घ्या. पिशवी काडायची तर माजी काडा."

अण्णाला मध्ये उभं राहिलेलं त्या खोलीतल्या कुणीच पाहिलं नव्हतं.

"अण्णा," शिवूचा आवाज आला, "म्हनजे तुमी कबूल करताय का?"

"करतोय की रं."

"मग महिनाभर भांडी."

गोलातून हसू फुटलं, मोठं, घाबरलेलं. सुबोध सरांनी ते संपू दिलं.

"दोघांनाही भांडी," ते म्हणाले. "एकाला न ऐकल्याबद्दल, एकाला न केलेलं कबूल केल्याबद्दल. बस खाली, महादेवप्पा. आणि अण्णा, पत्र येईपर्यंत त्याला पांढरं बंद."

"आदीच बंद केलंय," ज्ञानबा म्हणाला.

इंद्रायणी मॅडमचा फोन पाच वाजून दहा मिनिटांनी आला. मी गच्चीवर जाऊन बोलले. त्यांनी पत्र पाठवते म्हटलं, आणि गोळीची वेळ बदलायला सांगितली. सकाळी सहाला, नुसत्या पाण्याबरोबर. पांढरं औषध नऊच्या आत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळीत लोह किंवा कॅल्शियम असेल तर तीही त्यानंतरच. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

खाली आले तेव्हा नळाजवळ भांड्यांचा ढीग पडला होता. महादेवप्पा पातेल्याला राख लावत होता, ज्ञानबा विसळत होता. मी वेळा कागदावर लिहून दिल्या. ज्ञानबानं कागद ओल्या हातानं न धरता शर्टाच्या खिशात टाकायला सांगितला.

"सहाला मी येतो," तो म्हणाला. "घर लांब न्हाय. पन तोंड उघडून दाखवायचं. ते सुटलं न्हाय."

"दाखवीन की. आनि पानी तेवढं कोमट ठेवा," महादेवप्पा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, ही गोळी अजून चालंल का? का इशानू सरावला?"

"माहीत नाही. तीन महिन्यांनी रक्त सांगेल."

"आनि सरावला असंल तर?"

"तर दुसऱ्या गोळ्या असतात. जास्त असतात आणि त्रास थोडा जास्त होतो."

"पन असत्यात."

"असतात."

त्यानं पातेलं उजेडाकडे धरून बुडाला हात फिरवला. एका जागी काळं राहिलं होतं. ते त्यानं ज्ञानबाकडे दिलं नाही, पुन्हा राखेत घातलं आणि घासू लागला.